दुकानाचा विमा: ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ आणि विमा रकमेचा हिशेब

बँक खात्यातून दरवर्षी 20 रुपये (प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना) आणि 436 रुपये (प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजना) कापले जातात, म्हणून दुकानाचाही विमा आहे असे अनेक व्यावसायिक धरून चालतात. या दोन्ही योजना खातेदार व्यक्तीसाठी आहेत. दुकान जळाले तर त्यातून काहीही मिळत नाही.

दुकान, यंत्रे आणि माल यांच्यासाठी विमा नियामक प्राधिकरणाने (आयआरडीएआय) 1 एप्रिल 2021 पासून ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी लागू केली आहे. एका ठिकाणची विमायोग्य मालमत्ता 5 कोटी रुपयांपर्यंत असेल तर ती घेता येते. आग, वीज पडणे, भूकंप, वादळ, पूर, दंगल यांमुळे झालेले नुकसान त्यात येते. साधी घरफोडी येत नाही. विमासंरक्षित घटनेमुळे आणि त्यानंतर 7 दिवसांत झालेली चोरी मात्र येते. घरफोडीसाठी वेगळे संरक्षण घ्यावे लागते.

दावा कमी का मंजूर होतो?

बहुतेक वेळा विमा रक्कम कमी लिहिलेली असते. समजा, दुकानात 10 लाखांचा माल आहे आणि विमा 6 लाखांचा आहे. आगीत 3 लाखांचा माल गेला, तर 3 लाख नव्हे, त्याच प्रमाणात 1 लाख 80 हजार रुपयेच धरले जातात. थोडक्यात, उरलेल्या भागाचे विमाकर्ते तुम्हीच ठरता. या पॉलिसीत 15 टक्क्यांपर्यंतची तूट माफ आहे. म्हणजे वरील उदाहरणात विमा किमान साडेआठ लाखांचा असता, तर ही कपात झाली नसती.

त्यामुळे हप्ता वाचवण्यासाठी आकडा कमी लिहू नका. दिवाळी किंवा लग्नसराईपूर्वी माल दुप्पट भरत असाल, तर विमा कंपनीला लेखी कळवून रक्कम वाढवून घ्या. कर्ज असल्यास बँकेने काढलेली पॉलिसी मागून पाहा. अनेकदा ती फक्त तारण मालापुरती असते, फर्निचर किंवा यंत्रे त्यात नसतात.

खरेदीची बिले आणि साठा नोंदवहीची प्रत दुकानाबाहेर ठेवा. दुकानासोबत तीही जळाली, तर सर्वेक्षकाला दाखवायला काही उरत नाही.

दावा नाकारला गेल्यास आधी विमा कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा. ‘बिमा भरोसा’ पोर्टलवर किंवा 155255 या क्रमांकावरही तक्रार नोंदवता येते. कंपनीने एका महिन्यात उत्तर दिले नाही किंवा उत्तर पटले नाही, तर एकल मालकीचे व्यवसाय आणि सूक्ष्म उद्योग विमा लोकपालाकडे जाऊ शकतात. त्यासाठी शुल्क नाही, वकीलही लागत नाही. मुदत एक वर्षाची आहे.