बिऱ्हाड आधी की शाळा?

बिऱ्हाड हलवायचं ठरलं की घरातला कर्ता पुरुष तीन गोष्टी विचारतो : भाडं किती, पाणी किती वेळ येतं आणि कामाची जागा किती लांब? घरातली बाई चौथी गोष्ट विचारते : शाळा कुठली? शेवटी बहुतेक घरांत या चौथ्या प्रश्नाच्या उत्तरावरच पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरं ठरतात. भाडं चार पैसे जास्त पडलं तरी चालतं, पाणी एक दिवसाआड आलं तरी पिंप भरून ठेवता येतं. पोराची शाळा मात्र चुकून चालत नाही, असं प्रत्येक आईबापाला वाटतं.

हा प्रश्न मुंबई-पुण्याच्या उपनगरांत फ्लॅट शोधणाऱ्यांचाच आहे, असं कुणाला वाटत असेल तर त्याने एकदा विट्याला यावं. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याचं हे मुख्य ठिकाण. पाऊस बेताचा, जमीन माळाची. टेंभू योजनेचं पाणी या भागात पोहोचायच्या कितीतरी आधी इथल्या माणसाने पोटासाठी एक वेगळीच वाट शोधली. सोनाराकडचं जुनं, डागी सोनं मुशीत वितळवायचं, तेजाबात घालून त्यातली चांदी आणि तांबं वेगळं काढायचं आणि चोख सोनं त्याच्या हाती परत द्यायचं. सोनाराच्या दुकानातली धूळ आणि राखसुद्धा वाया जाऊ द्यायची नाही, त्यातूनही कण वेचायचे. याचं नाव गलाई. या एका कसबावर विटा, लेंगरे, भाळवणी, पारे आणि शेजारच्या आटपाडी तालुक्यातली माणसं तमिळनाडू, केरळ, आंध्रपासून उत्तर प्रदेश, बिहारपर्यंत पोहोचली. जिथे सराफ कट्टा, तिथे आमच्या भागातला एखादा गलाईवाला असायचाच. त्यामुळे मुलांच्या शाळेसाठी कुठे राहायचं, हा प्रश्न या तालुक्यातल्या घरांनी पिढ्यान्‌पिढ्या सोडवला आहे.

या घरांपुढे साधारण तीन वाटा असतात. पहिली, बापाने परमुलखात भट्टी सांभाळायची आणि आईने मुलांना घेऊन विट्यात राहायचं. दुसरी, सगळ्यांनीच तिकडे जायचं. तिसरी, मुलं लहान असेपर्यंत एकत्र राहायचं आणि मग मोठ्या इयत्तेच्या आत त्यांना घेऊन गावी परतायचं. तिन्ही वाटांनी चांगली शिकलेली मुलं आहेत. आणि तिन्ही वाटांची किंमत मोजावी लागते, फक्त ती मोजणारा माणूस निराळा असतो.

पहिल्या वाटेची किंमत बाप आणि मुलं मोजतात. मी बँकेत नोकरीला होतो तेव्हा जून महिना आला की परराज्यांतून येणाऱ्या ड्राफ्टांची संख्या वाढलेली दिसे. फी, वह्या-पुस्तकं, गणवेश, खोलीभाडं, सगळं त्या एका कागदात. पैसा वेळेवर येई. ज्याने तो पाठवला तो दिवाळीला किंवा गावच्या जत्रेला येई. मूल कितवीत आहे हे त्याला ठाऊक असे, पण ते कोणत्या विषयात अडलं आहे हे ठाऊक असेलच असं नाही. जपानी भाषेत या प्रकाराला स्वतंत्र शब्दच आहे, तान्शिन फुनिन. कंपनीने बदली केली की तिथला बाप एकटाच नव्या गावी जातो आणि मुलांची शाळा मोडू नये म्हणून कुटुंब मागेच राहतं. इतक्या श्रीमंत देशालाही हे कोडं सुटलेलं नाही, हे कळलं की आपल्या विट्याच्या बायकांचं कौतुक अधिकच वाटतं. सासू-सासऱ्यांचं दुखणं-खुपणं, शेताचा तुकडा, बँकेचे व्यवहार आणि मुलांचा अभ्यास असा चौपदरी संसार त्या एकटीने ओढतात.

दुसऱ्या वाटेची किंमत भाषेच्या नाण्यात मोजावी लागते. तमिळनाडूत १९६८ पासून दोन भाषांचं धोरण आहे, तमिळ आणि इंग्रजी. २००६ च्या कायद्याने तर पहिलीपासून चढत्या क्रमाने दहावीपर्यंत तमिळ सक्तीची केली. त्यात वाईट काही नाही. ज्या गावचं पाणी प्यायचं तिथली भाषा आली पाहिजेच, आणि महाराष्ट्रानेही २०२० मध्ये सर्व शाळांत मराठी सक्तीची करणारा कायदा केलाच आहे. पण पहिलीत तमिळ शिकणारं मूल ती सहज उचलतं. सातवीत तिथे गेलेल्या मुलापुढे ती डोंगरासारखी उभी राहते. उलट तिकडे वाढलेलं मूल विट्यात आलं की घरात अस्खलित मराठी बोलतं आणि वर्गात जोडाक्षराला अडखळतं. मनातल्या मनात बेरीज तो तमिळमध्ये करतो आणि उत्तर मराठीत सांगतो. अशा मुलाला मंद समजणारा मास्तर भेटला तर त्याचं वर्ष वाया जातं. ‘याला दोन भाषा येतात’ असं वर्गाला सांगणारा भेटला, तर तोच मुलगा वर्गात भाव खाऊन जातो.

तिसरी वाट सगळ्यांत शहाणपणाची दिसते, पण तिला वेळेचं गणित आहे. ते अनेकांना फार उशिरा कळतं. नवोदय विद्यालयाचंच घ्या. सांगली जिल्ह्याचं नवोदय पलूसला आहे. सहावीच्या प्रवेशासाठी मूल ज्या जिल्ह्यात पाचवी शिकत असेल, त्याच जिल्ह्याच्या विद्यालयाची परीक्षा त्याला देता येते. म्हणजे सहावीत गावी आणू म्हणणाऱ्याची ती गाडी सुटलेली असते. वैद्यकीय शिक्षणाचं त्याहून कडक. राज्याच्या कोट्यातल्या जागांसाठी महाराष्ट्राच्या अधिवासाबरोबरच दहावी आणि बारावी या दोन्ही परीक्षा महाराष्ट्रातून झालेल्या असाव्यात, अशी सर्वसाधारण अट आहे. मुलगी हुशार आहे, बारावीला गावी आणू, असा बेत करणाऱ्या बापाने दहावीच्या आधीच नियमपुस्तिका वाचलेली बरी. नियमांना अपवाद असतात आणि ते बदलतही असतात. म्हणून ऐकीव माहितीवर बिऱ्हाड हलवू नये. मुलीच्या डॉक्टर होण्याचा प्रश्न असतो, पाहुण्याच्या शब्दाचा नव्हे.

आता मुख्य मुद्दा. चांगली शाळा म्हणजे कुठली? इंग्लंडमध्ये चांगल्या सरकारी शाळेच्या हद्दीतली घरं महाग होतात. अमेरिकेत शाळांचा बराचसा पैसा त्या त्या वस्तीच्या घरपट्टीतून येतो, म्हणून श्रीमंत वस्तीची शाळाही श्रीमंत. तिथे शाळा निवडणं म्हणजे घर विकत घेणं. आपल्याकडची परंपरा मात्र वेगळी होती आणि ती याच मातीतली आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली. साताऱ्यात त्यांनी चालवलेल्या वसतिगृहाचं छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असं नामकरण १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते झालं. वेगवेगळ्या जातींची मुलं तिथे एका पंगतीत जेवत. त्या माणसाचा विचार सरळ होता : गरिबाला शाळेपाशी राहायला जाणं परवडत नसेल तर राहण्याची सोयच शाळेने करावी आणि शाळेनेच गावापाशी जावं. विट्याचं बळवंत महाविद्यालय हे त्याच रयतेचं रोपटं. वाड्या-वस्त्यांवरची मुलं त्यामुळे घरचं जेवून एस.टी.ने कॉलेजला येऊ शकली. बिऱ्हाड न हलवता शिक्षण झालं, ही त्या पिढीची केवढी मोठी बचत! ती कुठल्याच खातेपुस्तकात दिसत नाही.

बँकेत अधिकाऱ्याची बदली ठरलेलीच. दर तीन-चार वर्षांनी नवं गाव, नवी शाळा. त्या फिरतीत मला एक गोष्ट कळली. शाळा पाहायला जावं ते सुटीनंतर नव्हे, सुटण्याच्या वेळी. फाटकाबाहेर पडणारी मुलं बडबडत, ढकलाढकली करत येतात की मान खाली घालून येतात, हे पाच मिनिटांत दिसतं. मुख्याध्यापकांना निकाल विचारू नये. तो फलकावर लिहिलेलाच असतो. तुमचे शिक्षक किती वर्षं टिकतात, हे विचारावं. गणितात कच्च्या मुलाचं तुम्ही काय करता, हे विचारावं. मुलींच्या स्वच्छतागृहात पाणी आहे का, हे आईने स्वतः आत जाऊन पाहावं. आणि घरापासून शाळेपर्यंतचं अंतर एकदा दप्तर पाठीवर घेऊन चालावं. दिवसाचा दीड तास बसमध्ये घालवणारं मूल संध्याकाळी खेळत नाही, आणि न खेळणारं मूल फार दिवस शिकतही नाही.

कायद्याचीही थोडी माहिती असावी. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याखालच्या नियमांनुसार पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आणि आठवीपर्यंतची तीन किलोमीटरच्या आत असावी, अशी अपेक्षा आहे. आठवीपर्यंतच्या मुलाला एका शाळेतून दुसऱ्या सरकारी किंवा अनुदानित शाळेत जाण्याचा हक्क आहे, आणि शाळा सोडल्याचा दाखला यायला उशीर झाला म्हणून त्याचा प्रवेश अडवता येत नाही. परराज्यातून आलेल्या कितीतरी आया दाखल्याची वाट पाहत जून-जुलै घरी काढतात. त्यांनी दुसऱ्याच दिवशी मुलाला वर्गात नेऊन बसवावं.

हे सगळं पाहून-सवरून झालं की शेवटी निर्णय एका कागदावर येतो, आणि तिथे सोन्यासारखा शंभर टक्के चोख पर्याय कधीच हाती लागत नाही. थोडं तांबं राहतंच. फार नामांकित शाळेसाठी बापाला मुलांपासून दहा वर्षं लांब ठेवण्यापेक्षा बऱ्या शाळेजवळ सगळ्यांनी एकत्र राहणं माझ्या मते अधिक फायद्याचं. पण ज्यांना ते जमण्यासारखंच नाही, त्यांच्यासाठी एक साधी गोष्ट सांगतो. गलाईवाला बाप गावी येतो तो दिवाळीत किंवा उन्हाळ्यात, आणि नेमकी तेव्हाच शाळा बंद असते. त्यामुळे वर्षानुवर्षं त्याची आणि मुलाच्या मास्तरांची गाठ पडत नाही. वर्षातून एकदा तरी त्याने ऑगस्टमध्ये किंवा जानेवारीत चार दिवस यावं. भट्टी चार दिवस थंड राहिली तर सोनं कुठे जात नाही. मुलाचं बोट धरून शाळेत जावं, मागच्या बाकावर पाच मिनिटं बसावं आणि मास्तरांना विचारावं, ‘आमचा पोरगा कसा आहे?’ मास्तर काय सांगतील ते सांगतील. पण बाप विचारायला आला होता, हे त्या पोराच्या कायम लक्षात राहील.