विश्लेषण : गणपतीआधी घर घासताना कोणते क्लीनर कशासाठी? कोणते दोन कधीच एकत्र नकोत?

भाद्रपदाआधीचे आठ-दहा दिवस रत्नागिरी जिल्ह्यात बंद घरे उघडण्याचे असतात. मुंबई-पुण्याहून चाकरमानी येतात, कुलूप निघते आणि पावसाळाभर कोंडलेला कुबट वास अंगावर येतो. भिंतीवर बुरशी, पायऱ्यांवर शेवाळ, मोरीत तांबूस डाग. मखर उभे राहण्याआधी हे सगळे निपटायचे म्हणून बाजारातून फिनाईल, ब्लीच, टॉयलेट क्लीनर आणि कधीकधी ॲसिडची बाटलीही येते. मग घाईत दोन-तीन द्रावणे एकाच मोरीत ओतली जातात. खरा धोका तिथे आहे.

साफ करणे आणि निर्जंतुक करणे एकच का?

नाही. साबण किंवा डिटर्जंट मळ, तेल आणि त्यासोबत बरेचसे जंतू पृष्ठभागावरून सोडवून पाण्याबरोबर वाहून नेतो. निर्जंतुक करणारे रसायन, उदाहरणार्थ ब्लीच, उरलेले जंतू मारते. मात्र मळ आणि चिखल असेल तर ब्लीचची ताकद त्या मळातच खर्च होते. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या पुरात चिपळूण शहर बुडाले. अशा पुरानंतर घरात चिखलाचा थर असतो. त्यावर थेट ब्लीचिंग पावडर टाकून उपयोग नसतो. आधी चिखल उपसायचा, मग साबणाच्या पाण्याने धुवायचे आणि शेवटी ब्लीच, हाच क्रम लागतो.

रोजच्या लादीला साबणाचे पाणी पुरते. घरात कोणाला उलट्या-जुलाब झाले असतील किंवा पुराचे पाणी शिरले असेल, तेव्हा निर्जंतुकीकरण गरजेचे. ‘९९.९ टक्के जंतू नष्ट’ हा लेबलवरचा दावा प्रयोगशाळेतील चाचणीचा असतो. द्रावण लावून लगेच पुसले तर तो परिणाम घरी मिळत नाही.

बाटल्यांत नेमके काय असते?

ढोबळमानाने चार गट आहेत. टॉयलेट क्लीनरमध्ये बहुधा हायड्रोक्लोरिक ॲसिड असते. ब्लीच म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटचे द्रावण आणि ब्लीचिंग पावडर हा त्याच जातीचा कोरडा प्रकार. फिनाईल काळे आणि पांढरे अशा दोन प्रकारांत मिळते. तुंबलेली मोरी मोकळी करणाऱ्या पावडरमध्ये कॉस्टिक सोडा असतो, तो पाण्यात पडताच प्रचंड तापतो आणि कातडी जाळतो. डिटर्जंट, धुण्याचा सोडा आणि खाण्याचा सोडा हे त्या मानाने सौम्य.

ब्लीच आणि ॲसिड एकत्र का नकोत?

दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. पहिल्या महायुद्धात १९१५ मध्ये बेल्जियममधील ईप्रच्या आघाडीवर अस्त्र म्हणून वापरला गेला, तो हाच वायू. तो हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो. मोरी घासणारी व्यक्ती उकिडवी बसलेली असते, म्हणजे तिचे नाक नेमके त्याच उंचीवर असते. त्यात खिडकी बंद असेल तर डोळे चुरचुरणे, खोकला, छाती आवळणे इथपासून फुफ्फुसात पाणी होण्यापर्यंत मजल जाऊ शकते. दम्याच्या रुग्णाला याचा धोका अधिक.

ॲसिड म्हणजे फक्त टॉयलेट क्लीनर नव्हे. व्हिनेगर आणि लिंबूसत्त्वही त्यातच येतात. अमोनिया असलेल्या काच-क्लीनरमध्ये ब्लीच मिसळले तर क्लोरामाइन हा दुसरा घातक वायू तयार होतो. संडासात लघवी साचलेली असेल तर तिथेही हेच घडू शकते. म्हणून ब्लीच टाकण्याआधी भरपूर पाणी ओतावे. एका दिवशी एका जागी एकच रसायन, हा नियम सर्वांत सोपा. कामाला येणाऱ्या मावशींनाही तो आवर्जून सांगायला हवा, कारण सर्वाधिक वेळ रसायनांजवळ त्याच असतात.

बुरशी आणि शेवाळ कसे काढावे?

भिंतीवरची बुरशी कोरडी झाडू नये, तिचे कण हवेत उडतात. नाकाला मास्क, खिडक्या उघड्या, साबणाच्या पाण्यात भिजवलेले फडके, हा पहिला टप्पा. टाइल्ससारख्या गुळगुळीत पृष्ठभागावर त्यानंतर पातळ ब्लीच लावून दहा मिनिटे ठेवावे आणि धुवावे. पण ओल कायम राहिली तर बुरशी परत येते. त्यामुळे गळती बंद करणे आणि हवा खेळती ठेवणे हाच खरा इलाज. अंगणातील चिऱ्याच्या पायऱ्यांवरचे शेवाळ ताठ ब्रशने खरवडणे सर्वांत सुरक्षित. ब्लीचिंग पावडर वापरलीच तर तिचे पाणी तुळशीच्या किंवा झाडांच्या मुळाशी जाऊ देऊ नये.

ब्लीच किती पातळ करावे?

घरगुती ब्लीच साधारण ५ टक्के तीव्रतेचे असेल तर १ लिटर थंड पाण्यात २० मिली पुरते. ब्लीचिंग पावडर ताजी असेल, म्हणजे तिच्यात साधारण ३३ टक्के क्लोरीन असेल, तर लिटरला ३ ग्रॅम. गरम पाणी वापरू नये. द्रावण रोज ताजे करावे, कारण ऊन आणि उष्णतेने त्याची ताकद घटते. कोकणच्या दमट हवेत ब्लीचिंग पावडरही लवकर निकामी होते. म्हणून घट्ट झाकणाच्या डब्यात, लागेल तेवढीच आणावी.

मोरीतील तांबूस डाग ब्लीचने का जात नाहीत?

जांभ्या दगडाच्या जमिनीत लोह भरपूर असते. ते पाण्यात उतरले की टाइल्सवर गंजासारखा डाग बसतो. ब्लीच लोहाचे आणखी ऑक्सिडीकरण करते, त्यामुळे डाग पक्का होतो. याला सौम्य आम्ल लागते. वाण्याकडे मिळणारे लिंबूसत्त्व दोन चमचे, अर्धा लिटर कोमट पाण्यात विरघळवून डागावर १५-२० मिनिटे ठेवावे, घासावे आणि भरपूर पाण्याने धुवावे. गणपतीची पितळी समई आणि ताम्हन भिजवलेल्या आमसुलाने किंवा चिंचेने उजळते, त्यामागचे कारणही आम्लच.

मात्र हेच आम्ल स्वयंपाकाच्या कडप्प्यावर नको. कडप्पा आणि शहाबादी फरशी हे चुनखडीचे दगड, तर संगमरवरही त्याच कुळातला. लिंबू, व्हिनेगर किंवा टॉयलेट क्लीनरने त्यांची चकाकी कायमची जाते. तिथे साबणाचे पाणीच बरे. चिकट झालेल्या एक्झॉस्ट फॅनला गरम पाण्यात धुण्याचा सोडा चालतो, पण ॲल्युमिनियमच्या भांड्यांना नाही. सोड्याने ती काळवंडतात.

सोडा आणि व्हिनेगर एकत्र करण्याचा उपाय खरा का?

फेस भरपूर येतो, सफाई मात्र फारशी होत नाही. सोडा आणि आम्ल एकमेकांना निष्प्रभ करतात. कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि मागे बहुतांश खारट पाणी उरते. दोन्ही वेगवेगळे वापरले तर अधिक उपयोगी. ‘नैसर्गिक’ या शब्दावर विसंबून कोणतीही बाटली निर्धोक समजू नये.

सेप्टिक टँक आणि विहीर असेल तर?

वाडीवस्तीत अनेक घरांना सेप्टिक टँक असतो आणि त्याच आवारात विहीरही. टँकमधील मैला कुजवण्याचे काम जिवाणू करतात. रोज बाटलीभर फिनाईल, ब्लीच किंवा ॲसिड गेले तर तेच मरतात आणि टँक लवकर भरतो. त्यामुळे रसायन मोजूनच वापरावे आणि उरलेले द्रावण विहिरीच्या बाजूला ओतू नये.

खरेदी करताना काय पाहावे?

पाकिटावर उत्पादकाचे नाव-पत्ता, वजन किंवा माप, उत्पादनाचा महिना-वर्ष, कमाल किंमत आणि ग्राहक तक्रारीचा क्रमांक असणे बंधनकारक आहे. फिनाईलसाठी आयएस १०६१ आणि ब्लीचिंग पावडरसाठी आयएस १०६५ ही भारतीय मानके आहेत. रंग आणि सुगंध यांवरून ताकद ठरत नाही. मुख्य रसायन आणि त्याची टक्केवारी छापलेली बाटली निवडावी. तक्रार असल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे.

सुटे ॲसिड घेणे टाळावे. ॲसिड हल्ल्यांच्या पार्श्वभूमीवर सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २०१३ रोजी त्याच्या खुल्या विक्रीवर निर्बंध घातले. विक्रेत्याने खरेदीदाराचे नाव, पत्ता, प्रमाण आणि कारण यांची नोंद ठेवायची, ओळखपत्र पाहायचे आणि १८ वर्षांखालील व्यक्तीला ॲसिड द्यायचे नाही, असा तो आदेश आहे.

कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटलीत भरून मिळणारे सुटे फिनाईल सर्वांत फसवे. सणात घर पाहुण्यांनी आणि मुलांनी भरलेले असते, आणि तहानलेले मूल बाटलीचा आकार ओळखते, आतले द्रव नाही. मांजर असलेल्या घरात तर फिनाईल टाळलेलेच बरे. ओल्या लादीवरून चालून ते पंजे चाटते आणि फिनॉल त्याच्या शरीराला पचवता येत नाही.

अपघात झाला तर?

वायूचा वास आला की बाटल्या उचलत बसू नये. बाहेर मोकळ्या हवेत जावे आणि शक्य झाल्यास जाता जाता दार-खिडकी उघडावी. डोळ्यात उडाले तर वाहत्या पाण्याने किमान १५ मिनिटे धुवावे. पोटात गेले तर उलटी करवू नये, कारण जाळणारे द्रव परत वर येताना अन्ननलिका दुसऱ्यांदा भाजते. लिंबूपाणी किंवा सोडाही पाजू नये. तोंड पाण्याने धुवावे, १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी आणि बाटली सोबत न्यावी. लेबल पाहून डॉक्टरांना उपचार लवकर ठरवता येतात. दिल्लीतील एम्सच्या विषबाधा माहिती केंद्राचा टोल फ्री क्रमांक १८०० ११६ ११७ आहे. सणाच्या गर्दीत शोधाशोध नको, म्हणून हे दोन्ही क्रमांक आजच फोनमध्ये जपून ठेवावेत.