ट्रिगर किती हलका?

पुण्याच्या म्हाळुंगे-बालेवाडी रेंजवर सराव केलेल्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन नेमबाजीचे कांस्य ४५१.४ गुणांवर जिंकले. यात लक्ष्यावरचे दहाचे वर्तुळ जेमतेम १०.४ मिलिमीटरचे, बोटाने हिसका दिला की ते हुकलेच. या रायफलीच्या ट्रिगरला किमान वजनाची अट नाही. ३०० मीटर स्टँडर्ड रायफलला मात्र १,५०० ग्रॅमची आहे. तरी नुसता हलकेपणा पाहू नका. दोन टप्प्यांचा, दुसरा टप्पा बोटाला स्पष्ट जाणवणारा ट्रिगर बरा. अतिहलका नवख्याच्या हातात धोकाच! ट्रिगर बसवल्यावर रिकाम्या रायफलीचा बोल्ट जोरात बंद करून ट्रिगर आपोआप सुटत नाही ना, हे तपासा. ट्रिगर बसवण्याचे काम परवानाधारक कारागिराकडूनच करून घ्या.