पुरावा आधी की मत आधी? इराक युद्ध आणि जनमताचा अभ्यास

रिसर्च प्रपोजल लिहिताना आपण एक वाक्य अगदी सहज लिहून मोकळे होतो: ‘लोकांना माहिती मिळते आणि त्यावरून त्यांचं मत तयार होतं.’ वाचायला बरोबर वाटतं, गाईडही फारसं अडवत नाहीत. आज याच वाक्याची उलटतपासणी करू या. उदाहरण घेऊ २००३ च्या इराक युद्धाचं, कारण तिथे सगळा वादच पुराव्याचा होता.

आधी थोडी पार्श्वभूमी. ५ फेब्रुवारी २००३ रोजी अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत उपग्रहचित्रं आणि चोरून ऐकलेल्या संभाषणांच्या टेप सादर केल्या. सद्दाम हुसेन यांच्याकडे महासंहारक शस्त्रं आहेत आणि त्यांच्या राजवटीचे अल-कायदाशी संबंध आहेत, असं त्यांचं म्हणणं होतं. २० मार्चला युद्ध सुरू झालं. पुढे अमेरिकेच्याच इराक सर्व्हे ग्रुपनं देशभर शोध घेतला आणि २००४ च्या अहवालात अशा शस्त्रांचे साठे नव्हते असं सांगितलं.

आता प्रश्न असा: लोकांनी तेव्हा पुरावा तोलून मत दिलं का?

कसोटी जागची हलते तेव्हा

सुरुवात ब्रिटनपासून करू. युद्धाच्या काही दिवस आधी ‘मोरी’ या संस्थेनं लोकांना अटी घालून प्रश्न विचारले. निरीक्षकांना शस्त्रांचा पुरावा सापडला आणि सुरक्षा परिषदेनं मंजुरी दिली, तर युद्धाला पाठिंबा द्याल का? बहुसंख्य लोक ‘हो’ म्हणाले. दोन्ही गोष्टी झाल्या नाहीत तर? मग पाठिंबा साधारण पाव लोकांवर आला. म्हणजे लोकांची कसोटी स्पष्ट होती: आधी पुरावा, आधी मंजुरी, मग युद्ध.

प्रत्यक्षात पुरावाही सापडला नाही, मंजुरीही मिळाली नाही. युद्ध मात्र सुरू झालं, आणि मार्च संपायच्या आत पाठिंबा निम्म्याच्या वर गेला!

युद्ध सुरू झालं की लोक सरकारच्या मागे एकवटतात, हे अभ्यासकांना आधीपासून माहीत आहे. जॉन म्यूलर यांनी १९७० मध्ये अमेरिकी राष्ट्राध्यक्षांच्या लोकप्रियतेवर लिहिलं तेव्हापासून याला ‘रॅली इफेक्ट’ म्हणतात. पण इथे एक सावधगिरी हवी. दोन सर्व्हेंचे आकडे शेजारी ठेवून ‘त्याच लोकांनी मत बदललं’ असं ठामपणे म्हणता येत नाही. सॅम्पल वेगळं होतं, प्रश्नही वेगळा होता. ते म्हणायचं तर त्याच माणसांना पुन्हा पुन्हा विचारावं लागतं, म्हणजे पॅनल सर्व्हे करावा लागतो.

एक प्रसिद्ध तक्ता

आता अमेरिकेकडे येऊ. मेरीलँड विद्यापीठाशी संबंधित अभ्यासकांनी २००३ मध्ये तीन चुकीच्या समजुती तपासल्या: इराकमध्ये शस्त्रं सापडली, अल-कायदाशी संबंधाचा पक्का पुरावा मिळाला आणि जगातलं जनमत युद्धाच्या बाजूनं आहे. यातली एकही समजूत नसलेल्यांपैकी २३ टक्के लोकांचा युद्धाला पाठिंबा होता. एक समजूत असलेल्यांत ५३ टक्के, दोन असलेल्यांत ७८ टक्के आणि तिन्ही असलेल्यांत ८६ टक्के.

किती सुंदर चढती रांग! आणि इथेच आपला पाय घसरतो. ‘चुकीच्या माहितीमुळे पाठिंबा वाढला’ असं लिहायचा मोह होतो. पण याच आकड्यांचे निदान तीन अर्थ निघतात. एक, चुकीच्या समजुतीमुळे पाठिंबा मिळाला. दोन, पाठिंबा आधीच होता आणि त्याला शोभेल अशी समजूत नंतर बनली. तीन, दोन्हींच्या मागे तिसरीच गोष्ट आहे, उदाहरणार्थ राष्ट्राध्यक्षांवरचा विश्वास किंवा रोज बघितलं जाणारं न्यूज चॅनल. यातलं कुठलं किती खरं, हे नुसत्या कोरिलेशनवरून ठरत नाही.

‘काहीतरी कारण असणारच’

दुसरा अर्थ मला सर्वात महत्त्वाचा वाटतो, कारण तो कुणीतरी माणसांशी बोलून तपासला आहे. मोनिका प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये एक लेख प्रसिद्ध केला. २००४ च्या निवडणुकीच्या काळात त्यांनी ४९ रिपब्लिकन मतदारांच्या सविस्तर मुलाखती घेतल्या होत्या. ९/११ च्या हल्ल्यामागे सद्दामचा हात होता असं मानणारी ही मंडळी. त्यांना याविरुद्धचा पुरावा दाखवला, अगदी बुश यांचं स्वतःचं विधानसुद्धा दाखवलं. तरीही समजूत बदलणारे अगदीच विरळा निघाले. काहींचा युक्तिवाद तर असा होता की आपला देश युद्धात उतरलाय, म्हणजे कारण असणारच. युद्ध आहे म्हणून पुरावा आहे! आपल्या सुरुवातीच्या वाक्यातला बाण इथे चक्क उलटा फिरलाय.

यावरून ‘लोक तथ्यं मानतच नाहीत’ असा निष्कर्ष काढू नका. ब्रायन गेन्स आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये इलिनॉय विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांच्या पॅनलवर आधारित लेख लिहिला. त्यात दोन्ही पक्षांच्या समर्थकांचं तथ्याबद्दलचं ज्ञान बऱ्यापैकी सारखं बदललं. फरक पडला अर्थ लावण्यात. शस्त्रं सापडली नाहीत हे मान्य, पण ती मुळात नव्हतीच, की दुसरीकडे हलवली? उत्तर पक्षाप्रमाणे वेगळं आलं.

आणखी एक धडा. २०१० मध्ये ब्रेंडन नायहन आणि जेसन राइफलर यांनी इराकच्या शस्त्रांवरच प्रयोग केला. चूक दुरुस्त करून सांगितल्यावर काहींची चुकीची समजूत उलट अधिक पक्की होते, असा त्यांचा निष्कर्ष गाजला. मग थॉमस वुड आणि एथन पोर्टर यांनी ५२ विषयांवर तो तपासला, तर हा उलटा परिणाम जवळपास कुठेच सापडला नाही. इराकच्या प्रश्नात तो दिसला खरा, पण प्रश्नाची शब्दरचना बदलल्यावर तिथूनही गायब झाला. गाजलेला निष्कर्ष लिटरेचर रिव्ह्यूत घालण्याआधी पुढे त्याचं काय झालं ते जरूर बघा.

मग आपण काय करायचं?

‘पुरावा पुरेसा वाटतो का?’ या एका प्रश्नात खरं तर तीन प्रश्न दडलेले असतात. काय घडलंय असं तुम्हाला वाटतं? त्याचा अर्थ काय लावता? आणि युद्धासाठी किती पुरावा पुरेसा मानाल? प्रश्नावलीत हे तिन्ही वेगळे विचारा. तिसरा प्रश्न शक्यतो घटनेच्या आधी विचारा, कारण नंतर कसोटीच सरकते हे ब्रिटनच्या उदाहरणात दिसतंच. ‘माहीत नाही’ हा पर्याय ठेवा, आणि थोड्या का होईना मुलाखती घ्या. ‘कारण असणारच’ हे उत्तर पर्यायांवर टिक करून घेताना कधीच हाती लागलं नसतं.

हा फक्त पद्धतीचा काथ्याकूट नाही. युद्ध करणारं सरकार ‘जनता आमच्या पाठीशी आहे’ असं सांगतं आणि पुढे आपल्यासारख्यांचे आकडे ठेवतं. ती संमती पुरावा बघून दिलेली होती, की युद्ध सुरू झालंय म्हणून मिळाली होती? सर्व्हेनं हे वेगळं करून विचारलंच नसेल तर आकडा खरा असूनही त्याचा अर्थ खोटा लावला जातो. आणि त्याची किंमत सर्व्हे करणारा मोजत नाही.

तुमच्या विषयातही असा एखादा बाण असेलच. प्रपोजल सबमिट करण्याआधी तो एकदा उलटा करून बघा आणि काय दिसलं ते कळवा.