छत्तीस फोटोंचा हिशेब

आमच्या साताऱ्याच्या घरात पहिला कॅमेरा आला तो काकांचा, आग्फा क्लिक थ्री. १२० चा रोल, त्यात चौकोनी बारा फोटो. ऊन असेल तर खटका उन्हाच्या चित्रावर, आभाळ भरलं असेल तर ढगाच्या चित्रावर. फोकस करायची सोयच नव्हती. मागच्या लाल खिडकीतून आकडा बघत रोल पुढे फिरवायचा. गणपतीत दोन, दिवाळीत तीन, उरलेले कुणाच्या तरी बारशाला. एक रोल वर्षभर पुरायचा. माणसं ओळखू आली म्हणजे फोटो चांगला.

सामान्य माणसाला परवडणारा कॅमेरा मिळत नव्हता, असं आज अनेकांना वाटतं. तो मिळत होता. परवडत नव्हती ती चूक. गेल्या चाळीस वर्षांचा माझ्या छंदाचा मागोवा घेताना मला सगळ्यात मोठा बदल हाच दिसतो.

१९८६ साली पहिल्या पगारातून साठवलेले पैसे घेऊन मी मुंबईला फोर्टातल्या बोरा बाजारात गेलो आणि जुना झेनिट घेऊन आलो. रशियन, विटेसारखा जड. त्याच्यावर हेलिओस ही ५८ मिलिमीटरची लेन्स. आतला मीटर उजेडावरच चालायचा, त्यामुळे सेलचा खर्च नाही. पण फोटो काढणं म्हणजे एक विधी होता. आधी लेन्सची कडी फिरवून ती पूर्ण उघडायची, म्हणजे फोकस करायला आत उजेड हवा तेवढा येतो. फोकस झाला की तीच कडी उलटी फिरवून ठरवलेल्या अ‍ॅपर्चरवर आणायची. लगेच समोरचं चित्र काळवंडतं. मग श्वास धरून बटण दाबायचं. कडी उलटी फिरवायला विसरलं की फोटो पांढराफटक. आणि हे विसरलो होतो, ते कळायचं पंधरा दिवसांनी.

त्यासाठी मी एक वही ठेवली होती. फोटो क्रमांक, शटर, अ‍ॅपर्चर, उजेड कसा होता. पण रोल धुऊन येईपर्यंत वही आणि फोटो यांचा मेळ बसायचा नाही. चौदावा फोटो कोणता आणि पंधरावा कोणता यातच संध्याकाळ जायची. राजगडावर एकदा पहाटेपासून दुपारपर्यंत फोटो काढत होतो. छत्तीस झाले, अडतीस झाले, तरी रोल संपेना. तेव्हा पोटात गोळा आला. फिल्मचं टोक रिळात नीट अडकलंच नव्हतं. रोल जागचा हललाच नव्हता आणि मी सुवेळा माचीवरचा सूर्योदय रिकाम्या कॅमेऱ्यात टिपत होतो. त्या दिवसापासून रोल भरल्यावर रिवाइंडची कळ फिरते की नाही हे बघितल्याशिवाय मी पुढे गेलो नाही. चुकीतून माणूस शिकतो हे खरं, पण त्या शिकवणीची फी फार होती.

रोल बाहेरून धुऊन यायचा, पण त्याचे कृष्णधवल फोटो कागदावर मी घरीच उतरवायचो. उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा इंदू कागद, मोरीत लाल दिवा, तीन ट्रे : डेव्हलपर, पाणी, हायपो. रात्री सगळ्यांची आंघोळी-भांडी उरकल्यावर मोरी माझी. आकाश जास्त गडद हवं असेल तर चेहऱ्यावर हाताची सावली धरायची आणि आकाशाला चार सेकंद जास्त उजेड द्यायचा. कागदावर हळूहळू चित्र उमटताना बघणं, हे सुख ज्याने अनुभवलंय त्यालाच माहीत. फोटो काढणं हा अर्धा भाग आणि कागदावर उतरवणं हा दुसरा अर्धा भाग, हे मी त्या मोरीत शिकलो.

मग रंगीत फोटो आले आणि आमच्यासारख्या हौशी लोकांचा हा दुसरा अर्धा भाग गेला. घरोघरी हॉटशॉट आला, यशिका एमएफ-२ आला. फ्लॅश आतच, खटका दाबला की झालं. लोकांच्या घरात आठवणींचे अल्बम भरले, ही फार चांगली गोष्ट झाली. पण रंगीत रोल घरी धुणं आम्हाला झेपणारं नव्हतं. तो दुकानात टाकायचा आणि यंत्र देईल ते घ्यायचं. अजिंक्यताऱ्यावरून टिपलेली कातरवेळ मी एका दुकानात दिली. हातात आली ती दुपार. यंत्राने अंधार म्हणजे चूक समजून सगळं उजळून दिलं होतं. दुकानदाराला सांगितलं तर म्हणाला, ‘‘अहो, चांगला क्लिअर आलाय की!’’ रंगीत रोलने हौशी छायाचित्रकाराला काही वर्षं मागे नेलं, असं माझं स्पष्ट मत आहे.

२००३ मध्ये कॅननचा ३००डी आला. लेन्ससकट हजार डॉलरच्या आत मिळणारा पहिला डीएसएलआर म्हणून त्याचं नाव झालं. आपल्याकडे तरीही तो महागच होता. २००६ मध्ये निकॉनने डी४० आणला, सहा मेगापिक्सेलचा, हलका. त्याच्या बॉडीत फोकसची मोटर नव्हती, त्यामुळे जुन्या लेन्सचा फोकस हाताने करावा लागे. स्वस्ताईची किंमत अशी कुठेतरी द्यावीच लागते. मी स्वतः २००९ मध्ये कॅननचा १०००डी घेतला, दहा मेगापिक्सेलचा, आणि सोबत ५० मिलिमीटरची एफ १.८ लेन्स. १९९० मध्ये आलेली ही लेन्स सगळी प्लास्टिकची, वजन १३० ग्रॅम. हातात घेतली तर खेळण्यासारखी वाटते. पण तिच्याइतकं थोड्या पैशात जास्त देणारं काही मला आजवर मिळालेलं नाही.

पहिल्या आठवड्यात मी पाचशे फोटो काढले. झेनिटने तेवढे काढायला चौदा रोल लागले असते. प्रत्येक फोटोच्या पोटात शटर, अ‍ॅपर्चर, वेळ, सगळं आपोआप लिहिलेलं. माझी वही आता कॅमेराच लिहीत होता आणि कधी चुकत नव्हता. पाखरू हललेलं दिसलं की शटर बघायचं, वाढवायचं, पुन्हा काढायचं. पंधरा दिवसांनी कळणारी चूक दोन सेकंदांत कळू लागली. पुढे वर्षभरात मी जेवढं शिकलो, तेवढं आधीच्या वीस वर्षांत शिकलो नव्हतो.

मोरी परत मिळायला मात्र अजून थोडा वेळ गेला. सुरुवातीला सगळ्यांच्या संगणकावर गूगलचं पिकासा असे. फुकट, सोपं, आणि मूळ फोटोला धक्का न लावणारं. २०१६ मध्ये ते बंद झालं तेव्हा मला खरोखर वाईट वाटलं. फोटोशॉप सगळ्यांकडे होतं, पण विकत घेतलेलं फारच थोड्यांकडे. ही गोष्ट आपण हौशी मंडळींनी मान्य करायला हवी. २००७ मध्ये लाइटरूम आलं आणि रॉ फाइल म्हणजे काय ते लोकांना कळू लागलं. जेपेग फाइलमध्ये प्रत्येक रंगाच्या उजेडाच्या २५६ पायऱ्या, १२ बिटच्या रॉमध्ये ४०९६. म्हणजे रॉ ही निगेटिव्ह आणि सॉफ्टवेअर ही डार्करूम. पुढे एकरकमी विकत मिळणारं लाइटरूम २०१५ च्या सहाव्या आवृत्तीनंतर थांबलं आणि फक्त भाडं उरलं. व्यावसायिकाला ते परवडतं. महिन्यातून दोन रविवार कॅमेरा उचलणाऱ्याला ते बोचतं.

अशा वेळी आधार दिला तो फुकट वाटल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरने. गिंप नव्वदच्या दशकापासून आहे. रॉथेरपी २०१० मध्ये सर्वांना खुलं झालं, आणि डार्कटेबल २०१७ च्या अखेरीस विंडोजवरही चालू लागलं. शिकायला ही अवघड आहेत, हे खरं. पण मोरीत तीन ट्रे मांडून बसणाऱ्याला अवघड काय? कासच्या पठारावर २००९ च्या सप्टेंबरात काढलेला एक फोटो मी वाया गेला म्हणून सोडून दिला होता. खाली तेरड्याची जांभळी चादर बरी, वर आकाश पांढरं. काही वर्षांनी तीच रॉ फाइल रॉथेरपीत उघडली आणि आकाशाचा उजेड खाली ओढला. ढगांच्या कडा एकेक करून बाहेर आल्या. त्या रात्री मला हायपोचा वास आला.

आता फोन सगळ्यांच्या खिशात आहे आणि त्यातला कॅमेरा उत्तम आहे. त्यामुळे छोटे कॅमेरे गेले, निकॉनच्या त्या स्वस्त मालिकेचा डी३५०० हा २०१८ चा कॅमेरा शेवटचाच ठरला. पण याचा एक फायदा आहे : लोकांच्या कपाटात पडून असलेले डीएसएलआर जुन्या बाजारात येतायत. माझी हेलिओससुद्धा आज पुतणीच्या मिररलेस कॅमेऱ्यावर एका अ‍ॅडॉप्टरने बसते आणि पुतणी मला म्हणते, ‘‘काका, ही परत मागू नका हं.’’

ज्यांना हा छंद नव्याने लावून घ्यायचाय, त्यांनी नव्या मॉडेलची वाट बघू नये. दहा-बारा मेगापिक्सेलचा जुना डीएसएलआर आणि ५० ची लेन्स पुरे. फक्त घेताना खिशात टॉर्च ठेवा. लेन्स पूर्ण उघडून मागून उजेड टाका आणि आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसतायत का ते पाहा. आपल्याकडच्या पावसाळ्यात लेन्सला बुरशी धरते आणि ती सहसा पूर्ण जात नाही. धागे दिसले तर कितीही स्वस्त असो, घेऊ नका. स्वच्छ निघाली तर घरी आणून हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा, आणि दर रविवारी बाहेर काढा.