घाटापायथ्याचं माल यार्ड
ठाण्यापर्यंत आलेले रूळ १ मे १८५४ रोजी कल्याणला पोहोचले. पुढे इथूनच कसारा आणि कर्जत अशा दोन वाटा फुटल्या, म्हणून घाटावरचा माल यायचा तो कल्याणमार्गेच. कसारा घाट काय, बोरघाट काय, चढ ३७ फुटांना एक फूट. मालगाडीला मागून ‘बँकर’ इंजिनांचा रेटा लागतोच. याच घाटांसाठी १९२८ साली आलेल्या डब्ल्यूसीजी-१ या विजेच्या इंजिनाला मध्ये केबिन, दोन्ही बाजूंना लांब नाकाडं, चाकांना जोडणारे दांडे. दांडे हलवत ते वळणावर अंग मुरडी. रेल्वेवाल्यांनी त्याला ‘खेकडा’ म्हटलं, ते चपखलच! आज कल्याणच्या यार्डात लोकल आणि लांब पल्ल्याच्या गाड्यांच्या वाटा वेगळ्या करण्याचं काम मुंबई नागरी परिवहन प्रकल्पाच्या (एमयूटीपी) ३-अ टप्प्यात आहे.