सुरीची धार जाते कुठे?

सुरी बोथट होते ती कांदा-बटाट्यामुळे नाही, ओट्यामुळे! ग्रॅनाइटवर किंवा काचेच्या चॉपिंग बोर्डवर चिरलं की धारेची कड दुमडते. लाकडी पाट घ्या. चिरलेलं गोळा करतानाही धारेने खरवडू नका, सुरी उलटी करून पाठीने ओढा.

दुमडलेली कड सुरीसाठी मिळणाऱ्या सळईवर सरळ होते, पण झिजलेल्या धारेला दगडच हवा. घरच्या सुरीला १००० ग्रिटचा पुरतो. पाण्याचा दगड ओला करा, पातं १५ ते २० अंशांत तिरकं धरा आणि एकच बाजू घासत राहा. मग पलीकडच्या बाजूने, पाठीकडून धारेकडे आणि बाहेर अंगठा हलकेच न्या. बारीक खरखर लागेल. ती टोकापासून मुठीपर्यंत लागली की बाजू बदला. बहुतेक लोक त्याआधीच थांबतात आणि दगडाला नावं ठेवतात.

लोखंडी विळी किंवा कार्बन स्टीलची सुरी असेल तर लिंबू-कैरी चिरल्यावर लगेच धुऊन पुसा; नाहीतर काळे डाग आणि गंज ठरलेला. ठेवून द्यायची असेल तर तेलाचा हात फिरवा. स्टेनलेस त्यामानाने सोशिक.

आणि सुरी सिंकमध्ये भांड्यांखाली टाकू नका. धार जातेच, शिवाय भांडी घासणाऱ्या मावशींचं बोट कापतं.